‘ड’च्या रांगेतले पेंटर

त्यांना पेंटर म्हटलेलं आवडत नसे, आणि कोल्हापुरात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. “पेंटर रंग लावतो. मी कुठं काय लावतो? मी काढतो,” असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. तळहाताएवढी काच रॉकेलच्या चिमणीवर धरायची, तिच्यावर काजळीचा एकसारखा थर बसू द्यायचा, आणि काच गार झाली की बाभळीच्या काट्यानं काजळी खरवडून अक्षरं काढायची. वर दुसरी काच ठेवून कडेनं काळी पट्टी चिकटवली की झाली सिनेमाची स्लाइड. पिक्चरच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर जाहिराती लागायच्या त्या ह्याच. काचेवरचं अक्षर पडद्यावर माणसाहून उंच होई. इथं काटा केसभर हलला की तिथं वीतभर चूक दिसणार. त्यांचा काटा हललेला मी कधी पाहिला नाही.

मंगळवार पेठेत आमच्या एजन्सीच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत पेंटर आणि त्यांची चिमणी, पुढच्या खोलीत मी, फोन आणि रजिस्टर. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दुकानदारांकडून जाहिराती आणायच्या, कुठल्या आठवड्यात कुठली स्लाइड लागणार ते रजिस्टरात लिहायचं आणि दर शुक्रवारी स्लाइडा थिएटरवर पोचवायच्या, हे माझं काम. मी बी.कॉम. झालेला होतो, त्यामुळे स्वतःला शहाणा समजत होतो. पेंटर मला ‘मॅनेजर’ म्हणत. पहिले सहा महिने मला तो मान वाटला.

आज फोनवर जाहिरात लागली की माझा अंगठा आपोआप ती पुढं ढकलतो. त्या काळात आमच्या थिएटरला लोक जाहिरात चुकू नये म्हणून लवकर येत, हे सांगितलं तर माझी नात मला थापाड्या म्हणते. पण मी माझ्या कानांनी ऐकलंय. “पळ की गं, पेंटरच्या पाट्या सुरू झाल्या असतील,” म्हणत बायका जिना चढायच्या.

त्या चष्म्याच्या जाहिरातीचंच घ्या. दुकानदाराचं म्हणणं एवढंच होतं, की ‘येथे चष्मे मिळतील’ लिहा आणि खाली पत्ता द्या. पेंटरनी दोन काचा केल्या. पहिली पडद्यावर आली ती पार धूसर. अक्षरं आहेत एवढं कळत होतं, वाचता मात्र येत नव्हती. झालं, सगळं थिएटर खवळलं. “ए ऑपरेटर! झोपलास काय रं? फोकस!” शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्या आपटणं. मग दुसरी काच यायची होती, लखलखीत. तिच्यावर लिहिलेलं होतं: ‘मशीन बरोबर हाय. डोळं तपासून घ्या.’ पण घोटाळा असा झाला, की ऑपरेटरला ही गंमत आगाऊ सांगायचं आम्ही विसरलो होतो. तो बिचारा आरडाओरड्यानं घाबरला आणि त्यानं खरोखरच भिंग फिरवलं. त्यामुळे दुसरी काचही धूसरच आली आणि लोकांनी चष्मेवाल्याचा उद्धार केला. पुढच्या खेळाला पेंटर स्वतः मशीनच्या खोलीत जाऊन ऑपरेटरचा भिंगाकडचा हात धरून बसले. त्या खेळाला जो हशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. आधी क्षणभर शांतता, मग एक माणूस हसला, मग हजार.

मला वाटलं होतं, धूसर करायला काचेला तेलाचं बोट लावलं असेल. नंतर ती काच मी भिंगाखाली धरली. एकेका अक्षराच्या कडेनं काट्याच्या टोकानं शेकडो केसाएवढ्या रेघा ओढलेल्या होत्या, बाहेर जाता जाता विरळ होत गेलेल्या. धूसरपणासुद्धा त्यांनी एकेक रेघ कोरून काढला होता.

बाकी माणूस म्हणाल तर त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा. प्रत्येक दुकानाच्या बोर्डापुढे थांबायचं. एकदा भर दुपारी भुकेनं माझा जीव चालला होता, आणि हे खानावळीच्या दारात उभं राहून पाटी बघतायत. “ह्येच्या ‘स’ची मान मोडल्या, मॅनेजर. ज्याला अक्षर उभं करता येत न्हाय त्याचा रस्सा काय जमणार?” मग आम्ही मैलभर चालून दुसऱ्या खानावळीत गेलो. तिथला रस्सा पाण्यासारखा होता. ते मात्र दाराबाहेरच्या पाटीकडे बघत बघत चवीनं जेवले. भाचीच्या लग्नाला कुरुंदवाडला गेले, तिथं मांडवाच्या दारावर ‘सुस्वागतम्’मधला कापडी ‘ग’ जरा कलला होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि मुलीच्या मागं उभं राहायचा मामा स्टुलावर चढून ‘ग’ सरळ करत होता. बहीण पुढं दोन वर्षं बोलली नाही. “पण ‘ग’ बोलतोय की,” असं ते शांतपणे सांगत.

पुढं मालकांनी संगणक आणला. मला वाटलं पेंटर चिडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि मला दहा वेळा ‘क’ काढायला लावला. “धाच्या धा सारखेच?” “सारखेच.” त्यांनी पडद्यावरच्या ‘क’वरून बोट फिरवलं. “लई गुणी हाय वो. पर ह्येला हसवायचं कुणी?” मग उठून चिमणी पेटवली.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय थिएटरातली. दर शुक्रवारी सहाच्या खेळाला ते बाल्कनीत जात आणि कठड्याला टेकून पडद्याकडे पाठ करून उभे राहत. “पडद्यावर काय बघायचं? त्ये मीच केलंय.” ते लोकांची तोंडं बघत. कोण आधी हसलं, कोण नंतर, कोणाला शेजाऱ्यानं समजावलं, सगळं टिपून घेत. जाहिराती संपून सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं की चालू लागत. हयात थिएटरात गेली, पण माणसानं एक पिक्चर पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणत, “पिक्चरात अक्षरं कमी असत्यात.”

ही तोंडं बघायची सवय नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

बाल्कनीच्या दारावर एक मावशी होत्या. उचगावहून बसनं यायच्या. तिकीट फाडायचं, हातातल्या बॅटरीच्या उजेडात माणसाला आत सोडायचं, हे काम त्यांनी अठरा वर्षं केलं होतं. नवरा गेल्यावर दोन मुलींची शाळा ह्याच नोकरीवर चाललेली. आवाज असा, की दारू पिऊन आलेला गडी जिन्यातूनच माघारी फिरे. वस्तीतल्या विहारात रविवारी जमणाऱ्या आयाबायांना “पोरीस्नी शाळंतनं काढाल तर माझ्याशी गाठ हाय” असं दटावणाऱ्याही त्याच. आणि त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. आकडे येत, बसचे आणि नोटांवरचे. अक्षर एक येत नव्हतं. बाल्कनीचं तिकीट गुलाबी एवढी ओळख त्यांना पुरत होती, आत जागा ज्याला मिळेल त्याची. हे गुपित अठरा वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. विहारातल्या बायकांना कळलं असतं तर मावशी मेल्याहून मेल्या झाल्या असत्या.

पेंटरना कळलं. पडद्यावर गमतीची पाटी आली की मावशीही हसत, पण अर्धा क्षण उशिरा. आधी खुर्च्यांकडे बघत, मग हसत.

त्याच वर्षी थिएटरला नवा व्यवस्थापक आला आणि त्यानं दिवाळीच्या शुक्रवारपासून बाल्कनीत रांगा आणि नंबर लावायचं ठरवलं. अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशा आठ रांगा. तिकिटावर रांगेचं अक्षर छापलेलं, खुर्चीवर रंगवलेलं, आणि पिक्चर सुरू झाल्यावर आलेल्या माणसाला अंधारात त्याच्या जागेवर नेऊन बसवायचं काम दारावरच्या माणसाचं. नोकरांना बोलावून त्यानं सांगितलं, “ज्याला जमणार नाही त्यानं दिवाळीआधी सांगावं. दुसरा माणूस बघता येईल.” मावशी दारावर जाऊन तिकिटं फाडू लागल्या.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगतोय, कारण माझा मूर्खपणा तुम्हाला नीट दिसावा अशी माझी इच्छा आहे.

मला दिसलं ते एवढंच. दुकानदाराशी कधी चार शब्द न बोलणारे पेंटर अचानक बाजारात हिंडून स्वतः आठ जाहिराती घेऊन आले, आणि रजिस्टर ओढून आठ शुक्रवार आपल्या हातानं भरून टाकले. मला वाटलं, म्हातारा माझ्या खुर्चीवर टपलाय. मी आठ दिवस त्यांच्याशी तुटक वागलो.

पहिल्या शुक्रवारी सुपारीवाल्याची जाहिरात लागली. पडदाभर एकच अक्षर, ‘अ’. पण तो ‘अ’ म्हणजे अडकित्ता होता. दोन पात्यांत सुपारी धरलेली आणि सुपारीच्या तोंडावर अशी भीती, की बाल्कनीतल्या एका पोरानं “सोड की त्येला!” म्हणून आरोळी ठोकली. जाहिरात संपल्यावर पेंटर दाराशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, “काय मावशी, आमचा ‘अ’ कसा वाटला? अडकित्त्याचा ‘अ’?” मावशी म्हणाल्या, “ब्येस हाय की.” मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक करून घ्यायची सवय लागली.

मग हलवायाचा ‘ह’, खालच्या वळणातून लाळ गळणारा. मग तांब्याच्या भांड्यांवाल्याचा ‘ब’, पोटात जाळ पेटलेला बंब. शिंप्याचा ‘क’, दोन्ही गोलांत बोटं घातलेली कात्री, शेजारच्या काना-मात्रांना कापायला निघालेली. इस्त्रीवाल्याचा ‘इ’, डोक्यावरून वाफ निघणारा. फेटेवाल्याचा ‘फ’, ज्याचा शेमला उडून दुकानाच्या पत्त्यावर पडला होता. गादीवाल्याचा ‘ग’ तर आडवाच झाला होता, डोक्यावरची रेघ पांघरूण म्हणून ओढून. शहर हसत होतं. दुसऱ्या थिएटरांचे लोक आमच्याकडे पिक्चर कुठला आहे ते न विचारता येत होते. मी मालकांकडून शाबासकी घेत होतो. आणि ‘ह’, ‘इ’, ‘ड’ ही एका तोंडवळ्याची अक्षरं पेंटरनी एकमेकांपासून लांब ठेवली होती, मधे वेगळ्या चेहऱ्याची अक्षरं घालून, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. सगळं कोल्हापूर एका बाईच्या शाळेत फुकट बसलं होतं. खुद्द त्या बाईला तरी हे ठाऊक असेल असं पेंटरना वाटत नव्हतं.

‘ड’ आठव्या शुक्रवारी लागायचा होता, दिवाळीच्या एक आठवडा आधी. मच्छरदाणीवाल्याची जाहिरात होती. त्या आठवड्यात दुचाकीच्या एका मोठ्या दुकानाचा माणूस आला. त्याला दिवाळीचे दोन्ही आठवडे हवे होते. मी रजिस्टर उघडलं, ‘ड’वर काट मारली आणि दोन आठवडे पुढं ढकलला.

पेंटर पुढच्या खोलीत आले. बोटं काजळीनं काळी. रजिस्टरातली काट बघितली.

“ह्यो ‘ड’ ह्याच शुक्करवारी लागाय पायजे, मॅनेजर.”

“मी शब्द दिलाय त्यांना. मच्छरदाणीचं काय एवढं? डास काय दिवाळीनंतर पळून जाणारायत?” मी म्हणालो, आणि स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा.

ते हसले नाहीत. काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. सांगायचं म्हणजे मावशींचं गुपित फोडायचं. “शब्द दिलाय म्हंजे संपलं,” एवढं म्हणून ते आत गेले. त्या संध्याकाळी त्यांनी दुचाकीची काच कोरायला घेतली. तीही नेहमीसारखीच अप्रतिम झाली.

दिवाळीच्या शुक्रवारपासून नंबर सुरू झाले. मंगळवारी मी त्या दुचाकीवाल्याला त्याची जाहिरात दाखवायला सहाच्या खेळाला घेऊन गेलो. मावशींनी आमची तिकिटं बॅटरीखाली धरली, “फ, सहावी रांग,” म्हणाल्या आणि सरळ नेऊन बसवलं. जाहिराती झाल्या, प्रमाणपत्र आलं, अंधार झाला. माझं लक्ष सहज पुढं गेलं. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, गळ्याला लालभडक मफलर गुंडाळून पेंटर बसले होते. पडद्याकडे तोंड करून. पिक्चर बघत.

मध्यंतरात मी त्यांना जिन्यात गाठलं. “तब्येत बरी आहे ना?”

“कितव्यांदा बघतोय ठावं हाय? एकोणिसाव्यांदा. शुक्करवारपास्नं चारी खेळ. हिरॉईन मरती वो शेवटी. दर टायमाला.”

“पण कशासाठी?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मला कोपऱ्यात ओढलं आणि सगळं सांगितलं. अर्धा क्षण उशिराच्या हसण्यापासून. “सात अक्षरं आली बाईला. ‘ड’ तेवढा ऱ्हायला. म्हणून मी दर खेळाला पैला आत शिरतो. ‘ड’चं तिकीट बॅटरीखाली धरतो, ‘ड, चौथी!’ म्हणून वरडतो आन् जाऊन बसतो. एकदा बघून अक्षर ध्यानात ऱ्हातंय व्हय? ‘इ’त घोटाळा होतोय. मग तिकिटावर न वळकणारं काय आलं की बाई अंधारात लाल मफलर हुडकती आन् माणूस माझ्या रांगंला धाडती. अजून एकबी चुकला न्हाय.”

“छापलेलं आणि खुर्चीवरचं जुळवून नसतं का बघता आलं त्यांना?”

“छापलेला ‘ड’ आन् रंगवलेला ‘ड’, दोघांचं नाक सारखं असतंय व्हय? वाचणाऱ्याला सारखं दिसतंय. न वाचणाऱ्याला ती दोन परकी माणसं.” ते थांबले. “सरळ शिकवतो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामाला आली नसती. मानी हाय.”

हा माणूस चाळीस वर्षं ज्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, त्याच्यापुढं माझ्या एका काटेमुळे रोज बारा तास बसून होता. मी म्हणालो, “मी आत्ता वर जातो. ऑपरेटरला सांगतो. दुचाकी काढून ‘ड’ लावू.”

“न्हाय,” ते म्हणाले. “तुमी शब्द दिलाय, आन् ती काचबी मीच कोरल्या. त्या अक्षरांनी कुणाचं घोडं मारलंय? शुक्करवारपातूर बसतो की मी.” घंटा झाली आणि ते मफलर सारखा करत आत गेले. चौथी रांग.

पुढचे दोन दिवसही मी सहाच्या खेळाला गेलो. उगाच. माझ्या बसण्यानं काही होणार नव्हतं, पण घरी चैन पडत नव्हतं. एकदा एक गृहस्थ उशिरा, अंधारात आले. मावशींनी तिकीट बॅटरीखाली धरलं, बघितलं, पुन्हा बघितलं. व्यवस्थापक नेमका दाराशी उभा होता. चौथ्या रांगेत पेंटर मोठ्यानं खोकले, दोनदा. “चौथी रांग, कडेनं जावा,” मावशी म्हणाल्या. व्यवस्थापक निघून गेला.

शुक्रवार आला. तोच पिक्चर दुसऱ्या आठवड्यात चालू राहिला होता. ‘ड’च्या दोन्ही काचा मी स्वतः मशीनच्या खोलीत नेऊन दिल्या, ऑपरेटरला दोनदा बजावलं, आणि बाल्कनीच्या कठड्याला टेकून पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. पेंटर जे बघत आले ते मला त्या दिवशी दिसलं. पडद्याचा उजेड दोनशे तोंडांवर पडलेला, आणि दारात मावशी, हातात विझवलेली बॅटरी.

पाठीमागं पहिली काच लागली हे मला उजेडावरून कळलं. ती मला पाठ होती: सडपातळ, देखणा ‘ड’, आणि त्याच्या पोटावर येऊन बसलेला एक डास. मग दुसरी: तोच ‘ड’, चावून चावून टम्म सुजलेला, इतका जाडजूड की पडद्यात मावेना, आणि कोपऱ्यात मच्छरदाणीवाल्याचा पत्ता.

मावशी हसल्या. खुर्च्यांकडे न बघता, सरळ पडद्याकडे बघून, तोंडावर पदर न घेता, खळखळून. त्यांच्यानंतर अर्ध्या क्षणानं बाल्कनी हसली. सगळ्यांच्या आधी त्या हसल्या होत्या. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही. पेंटरकडे बघितलं तर ते मान मागं वळवून दाराकडे बघत होते, आणि त्या मफलरातला तो सुरकुतलेला चेहरा मला देवमाणसाचा वाटला. तसं मी त्यांना कधी म्हणू शकलो नाही. म्हटलं असतं तर त्यांनी ‘देवमाणूस’मधला ‘द’ नीट काढायला सांगितला असता.

हसणं विरलं. मावशी बॅटरी लावून पायऱ्या उतरल्या आणि चौथ्या रांगेशी येऊन थांबल्या.

“पेंटर, उठा आता,” त्या हळूच म्हणाल्या. “ ‘ड’ आला मला.”

पेंटरचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जागच्या जागी मान हलवून नाही-नाही म्हणू लागलो.

“त्येनी काय न्हाय सांगिटलं,” मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या पायांसमोर बॅटरीचा उजेड धरला. “मला अडकित्त्यापास्नं ठावं हाय.”